धुतलेलं भंगार

आमच्या ह्यांना लोक ‘भंगारशेठ’ म्हणतात. शेठ कसले डोंबलाचे! धंदा लोहाराचा, आणि इस्टेट म्हणाल तर भट्टीमागच्या खोलीत छताला टेकलेला ढीग. ट्रकच्या स्प्रिंगांचे पाटे, झिजलेल्या कानशी, कुठल्याशा मशीनचे तुटके दात. नवं लोखंड विकत आणणं ह्यांना कमीपणाचं वाटतं. रस्त्याने माझ्याबरोबर चालता चालता हा माणूस गायब होतो. वळून बघावं तर गटाराच्या कडेला वाकलेला आणि हातात काहीतरी गंजकं. वर मलाच विचारणार, “अगं, असली वस्तू लोक टाकतात तरी कशी?”

तर मागच्या महिन्यात बाजारातला मटणवाला आला. स्वभावाने तिखट, पण त्याच्या शब्दाला बाजारात वजन. म्हणाला, “भाऊ, एक सत्तूर करून द्या. टिकला तर सगळ्या बाजाराचे सत्तूर तुमच्याकडे.” काम हवंच होतं हो. भट्टी कित्येक दिवस कशीबशी चालली होती, आणि हे माझ्या भावाला शब्द देऊन बसले होते, की ह्या वेळी जमलं नाही तर भट्टी बंद करून तुझ्या ग्रिलच्या कारखान्यात वेल्डिंगला येतो. शब्द देताना ह्यांचा चेहरा बघवत नव्हता.

आता माझा पराक्रम ऐका. एवढं मोठं गिऱ्हाईक येणार-जाणार, म्हणून मी पदर खोचला आणि तो अख्खा ढीग साबणाच्या पाण्याने घासूनपुसून काढला. तुकड्यांवर खडूच्या रेघा होत्या, त्याही घालवल्या. मला काय माहीत, एक रेघ म्हणजे मऊ लोखंड आणि दोन म्हणजे कडक पोलाद! कधी विचारलंच नव्हतं.

ह्यांनी तो चकचकीत ढीग पाहिला, “हं” म्हणाले, आणि आठवणीवर भिस्त ठेवून एक पट्टी उचलली. एकेक तुकडा तोंडपाठ असल्याची घमेंड ना! तीन दिवस ठोकलं, लालभडक तापवून तेलात बुडवलं, धार लावली. मटणवाल्याने पहिल्याच हाडावर घाव घातला आणि धार कागदासारखी दुमडली. मऊ लोखंड! खरं पोलाद कुठे गेलं होतं? शेजारणीच्या फाटकाला. त्याच आठवड्यात ह्यांनी त्याची कडी करून दिली होती. आता तिचं फाटक मोडेल, कडी मोडायची नाही.

मटणवाला भडकला. “भाऊ, हा सत्तूर आहे की खेळणं?”

हे मान खाली घालून म्हणाले, “चूक माझी. शनिवारपर्यंत दुसरा देतो.”

मी दारातच उभी होते. एरवी घरभर चालणारी माझी जीभ तेव्हा हलली नाही. लाज वाटली मला स्वतःची.

मग दोन दिवस एकेक तुकडा ग्राइंडरवर लावला. ठिणग्या सरळ लांब गेल्या तर मऊ, पुढे जाऊन फुटल्या तर पोलाद. हे तुकडा धरायचे, मी रंगाचा डबा घेऊन खुणा करायचे. एका पाट्याला हे म्हणाले, “हाच घ्यायचा.”

मी म्हटलं, “काहीतरीच काय! ह्याच्या ठिणग्या जेमतेम फुटतायत. मघाचा तो आखूड बघा, कसा तडतडत होता.”

ह्यांनी दोन्ही पुन्हा लावून पाहिले आणि आखूड उचलला.

शनिवारी मटणवाल्याने हाडं फोडफोड फोडली. धार जशीच्या तशी! तिथल्या तिथे आणखी सहा सत्तूर सांगितले. माझ्या भावाला निरोप गेला, वेल्डर दुसरा बघ. मग मात्र मला राहवेना. मटणवाल्यासमोरच म्हटलं, “अहो, चूक तुमची नव्हती. खडूच्या खुणा मी धुतल्या.”

“माहीत आहे,” हे म्हणाले.

“मग ओरडला का नाहीत?”

हे भट्टीतली राख उकरत राहिले. “लग्न झाल्यापासून पहिल्यांदा तू माझ्या कामाला हात लावलास. ओरडलो असतो तर पुन्हा लावला असतास का?”

कपाळ माझं! मटणवाल्यादेखत रडले मी.