शब्दाचा अदमास

मी झाडावरची संत्री अदमासानं विकत घेतो. शिक्षण सातवी. व्यापाऱ्यांच्या बैठकीत एक शब्द मला अडला, तेव्हा सगळे हसले. तो राग अजून गेलेला नाही. म्हणून अमरावतीच्या वाचनालयात जुन्या कथा वाचायला लागलो. तिथले ग्रंथपाल सदा ब्लेडनं पेन्सिल तासत असतात. अर्थ विचारला की एकच उत्तर: "बागेचा अदमास लावता ना, शेटजी? शब्दाचाबी लावा. गोष्ट पुरी करा, मंग सांगतो."

मला वाटायचं, हा माणूसही मनातून हसतो; म्हणून अडलेले शब्द विचारायचं सोडून मी चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवू लागलो. एकदा भांडायलाच गेलो, तर पाच-सहा वाचकांसमोर त्यांनीच एक पुस्तक उघडून मला विचारलं, "या कथेतला माणूस संत्र्याच्या हिरव्यागार बागेचं पाणी तोडते. कावून? किती वर्षं वाचून राहिलो, मले समजलंच नाई."

"ताण देते तो," मी म्हणालो. "झाड तहानलं की पानं गाळते. मंग पाणी सोडलं की फुलावर येते."

पुस्तकावर कुणी टिंब काढलं तरी खवळणारा हा माणूस, पण त्यानं माझं बोलणं जसंच्या तसं समासात लिहिलं. माझा जीव हलका झाला. मी खिशातली चिठ्ठी काढली आणि इतके दिवस लपवलेले सगळे शब्द सर्वांदेखत मोठ्यानं विचारत सुटलो.