जावयाचा पेन ड्राइव्ह

आमच्या घरात कॉम्प्युटर आला तो माझ्या हट्टाने. मखमलाबादकडे सासरचा मळा, मळ्यात गुलाब, शेवंती, झेंडू, आणि घरातली झाडून सगळी माणसं पहाटेपासून फुलांच्या मागे. मी शहरात वाढलेली, डीटीपीचा कोर्स केलेली. गुलाब तोडायला गेले की एकूण एक काटा माझ्याच बोटात घुसायचा. सासूबाई म्हणायच्या, "राहू दे बाई, झाडालाबी कळतं तू पाहुणी हाय ते." तेव्हा घरबसल्या लग्नपत्रिका करून द्यायच्या असं मी ठरवलं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. नवऱ्याने कुठून तरी एक वापरलेला कॉम्प्युटर आणला आणि पुढच्या खोलीत मांडून दिला.

लग्नपत्रिकेचं काम दिसतं तितकं सोपं नाही. नवरा-नवरी दोघंच, पण निमंत्रक भरमसाट. त्यात मानाप्रमाणे क्रम. एखाद्या चुलत्याचं नाव दोन ओळी खाली गेलं की तो मांडवात जेवत नाही. मला मात्र हे काम जिवापाड आवडायचं. आमच्या भागात माझ्याइतकी नेटकी पत्रिका कोणीच करत नव्हतं, आणि हे मी आजही कोणाशीही भांडून सांगायला तयार आहे.

पहिल्याच मोठ्या लग्नसराईत एक गिऱ्हाईक नावांची यादी फ्लॉपीवर घेऊन आलं. यादीबरोबर व्हायरसही आला. दुसऱ्या दिवशी मशीन सुरूच होईना. दुरुस्तीवाल्याने सगळं पुसून ते पुन्हा चालू करून दिलं, पण पुसण्यात माझ्या तयार पत्रिकाही गेल्या. गिऱ्हाइकं येऊन ओट्यावर बसली. कोणी चिडलेलं, कोणी रडकुंडीला आलेलं. सासूबाईंनी सगळ्यांना चहा दिला, गोड बोलून वाटेला लावलं, आणि मग माझ्याकडे वळल्या.

"एक डाव झालं ते झालं. पुन्हा ह्याच्यापायी दारात माणसं बसली, तर हे भंगारात जाईल. मंग तू आन् मी, मळ्यात."

सासूबाई बोलतात ते करतात, हे मला लग्नाच्या पहिल्या महिन्यातच समजलं होतं. त्यामुळे मी अँटीव्हायरसची सीडी आणली आणि नेमाने अपडेट करायला लागले. अपडेटला इंटरनेट लागायचं आणि इंटरनेटला फोनची लाइन. तिथे खरी अडचण. फोनवर फुलांचे व्यापारी यायचे, उद्याची मागणी सांगायचे. लाइन तास-दीड तास अडकवून ठेवायची तर सासूबाईंची परवानगी हवी. मी बिचकत त्यांना समजावायला गेले की रोज नवे व्हायरस निघतात, जुनं अँटीव्हायरस त्यांना ओळखत नाही.

"म्हणजे औषध बदलावं लागतं," त्या म्हणाल्या. "मंग ते गुलाबालाबी लागतं. त्यात एवढं काय सांगती?"

शनिवारची दुपार ठरली. तेव्हापासून आमच्या घरात अपडेटला फवारणी म्हणू लागले. शनिवारी विहिरीकडून हाक यायची, "फवारणी झाली का गं?" एकदा तर खतांचा एक विक्रेता ती हाक ऐकून कौतुकाने विचारायला आला, की कोणतं औषध वापरता म्हणून. मोडेम किर्र करून ओरडायला लागला की सासूबाई फोनजवळ राखणीला बसायच्या, कोणी रिसीव्हर उचलू नये म्हणून. कॉम्प्युटरच्या मूळ प्रोग्रॅमलाही अधूनमधून दुरुस्त्या घ्याव्या लागतात हे कळल्यावर मात्र त्या नाराज झाल्या. "नवीन कापड म्हणून विकायचं आन् मागून ठिगळं पाठवायची, व्वा रे व्वा!"

अशी काही वर्षं सुखात गेली. माझा जम बसला. मग पेन ड्राइव्ह नवे नवे निघाले, आणि एका लग्नसराईत आमचे जावई आले.

जावई म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान. पिंपळगाव बसवंतला त्यांचा द्राक्षांचा व्यापार. माणूस वाईट नव्हे, पण जावई तो जावई. आपला मान आपण होऊन मोजून घ्यायचा. ते आले की सासूबाई डोक्यावर पदर घेऊन दाराआड उभ्या राहायच्या आणि ते म्हणतील त्याला "बरं" म्हणायच्या. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून जावयाला "नाही" गेलेलं मी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी जावयांच्या गळ्यात रंगीत दोरी होती आणि दोरीला पेन ड्राइव्ह, सोन्याचं लॉकेट मिरवावं तसा.

"आईंच्या नातवाच्या वाढदिवसाचे फोटो आणलेत," ते म्हणाले. "लावा वहिनी. मला लगेच निघायचंय, टेम्पो बाहेर उभा आहे."

रस्त्याच्या खोदकामात वायर तुटून आमचा फोन दोन-तीन आठवडे बंद होता, तो आदल्याच दिवशी सुरू झाला होता. तितके दिवस फवारणी नाही. मशीनमध्ये सगळ्या सराईच्या पत्रिका. पेन ड्राइव्ह लावावा तर काम जाणार, कामाबरोबर मशीन जाणार. न लावावा तर जावई रुसणार. आणि आत नातवाचे फोटो, ज्याला सासूबाईंनी दिवाळीपासून पाहिलं नव्हतं. त्या काय म्हणतील हे मला दिसतच होतं. मी हात पुढे केला.

"थांब," दाराआडून आवाज आला. "फवारणी झाल्याशिवाय लावू नको."

जावयांना आधी कळेचना. कळल्यावर त्यांचा चेहरा लाल झाला. "म्हणजे माझ्या वस्तूला रोग आहे म्हणता?"

मला तर वाटलं, आता हे जेवल्याशिवाय उठून जाणार.

"तसं नाय पाहुणे," सासूबाई म्हणाल्या. आवाज नेहमीचाच, मऊ. "तुम्ही आले, दारात पाय धुतले, मंग आत आले. रोग होता म्हणून धुतले का? रीत हाय. ह्या खोलीची ही रीत हाय."

जावयांनी एकदा माझ्याकडे, एकदा दाराकडे पाहिलं. मग बाहेर जाऊन टेम्पोवाल्याला थांबायला सांगून आले.

मी वायर जोडली. अपडेट उतरेपर्यंत सासूबाईंनी जावयांना पिठलं, भाकरी, ठेचा आणि वर शिरा असं वाढलं, की रागाला जागाच उरू नये. ते हात धुवायला मागे गेले तेवढ्यात मी पेन ड्राइव्ह तपासला. अँटीव्हायरसने लाल चौकटी दाखवायला सुरुवात केली. एक झाली, दुसरी आली. मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या, खोटं कशाला सांगू? आता जावयांना बोलावून एकेक चौकट दाखवायची, असा माझा बेत होता.

सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. "निघालं का काही?" त्यांनी हळूच विचारलं.

"चांगलं घरटंच निघालं की, आई!"

"काढलं?"

"काढलं."

"मंग गप बस," त्या म्हणाल्या, आणि जावई आत येताच पदर सावरून मोठ्याने, "काही नव्हतं पाहुणे. साफ होता तुमचा. उगाच तुम्हाला खोळंबा."

जावयांचा चेहरा खुलला. "मी म्हणालो नव्हतो?" लाल चौकटी मी तोवर नाइलाजाने बंद केल्या होत्या. फोटो लावले. नातू केकमध्ये कोपरापर्यंत माखला होता. सासूबाई पदर विसरून पडद्याजवळ गेल्या आणि हसल्या, पुन्हा पुन्हा तोच फोटो लावायला लावला.

टेम्पो गेल्यावर मी फणफणले. "खोटं का सांगितलंत? ते आता जगभर सांगत फिरतील, की सासुरवाडीत उगाच संशय घेतात म्हणून."

"आन् रोग निघाला असं कळलं असतं तर? घरी जाऊन त्यांनी ते कोणावर काढलं असतं? माझ्या लेकीवरच." त्या खाली बसल्या. "तुझ्या मशीनला काही झालं असतं तर तू रडली असती. त्यांना काही बोललो असतो तर ती रडली असती. ती तिथं नांदते, तू इथं नांदते. मला दोघींचं पाहावं लागतं बाई."

जन्मात ज्यांना नाही म्हटलं नाही त्यांना या बाईने आज नाही म्हटलं होतं, आणि ते माझ्यासाठी. मी त्यांच्या शेजारी जमिनीवर जाऊन बसले. त्यांनी माझा हात हातात घेतला, बोटं उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाल्या, "मळ्यात नको येऊ तू. तुझं काम इथंच हाय."