उमरावाच्या हवेलीतला हेर

आखाती देशातल्या उम्म अल हस्सम भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये आई मराठीत विचारते आणि मी इंग्रजीत उत्तर देते. इथल्या बहुतेक मराठी घरांत असंच चालतं. म्हणून शुक्रवारच्या वाचनकट्ट्यावर एका कादंबरीबद्दल मी मराठीत बोलणार म्हटल्यावर आई काळजीत पडली.

"पुस्तक इंग्रजी, मग तूही इंग्रजीतच बोल की. लोक हसतील गं."

"हसू देत."

कादंबरी महायुद्धातली. ब्रिटिश उमरावाच्या हवेलीत पाहुणे उतरलेत. त्यांच्यातला कुणीतरी शत्रूला बातम्या पुरवतोय, आणि एक खून होतो. सगळ्यांचा संशय मुलांना पियानो शिकवणाऱ्या एका निर्वासित बाईवर. तिच्याविरुद्ध पुरावा एकच, तिचे उच्चार परके आहेत. त्या बाईबद्दल सफाईदार इंग्रजीत बोलणं मला पटेना.

कट्टा एका काकांच्या हॉलमध्ये भरतो. मी उभी राहिले आणि दुसऱ्याच वाक्याला अडखळले. आई पहिल्या रांगेतून ओठ हलवून शब्द पुरवायला लागली. मी तिच्याकडे बघणंच सोडलं. "जिला स्वतःचा देश सोडून यावं लागलं, अशी बाई," मी म्हटलं. मागे कुणीतरी खुसखुसलं.

एक काकू म्हणाल्या, "अगं बाळा, इंग्रजीत सांग ना. आम्हाला कळतं."

मी बँकेत नोकरी करते. तरी कट्ट्यावर बाळच.

"नाही काकू, मराठीतच सांगते. वेळ लागेल. चहा गार होत असेल तर घेऊन टाका."

यजमान काकांनी चष्मा काढला. "पण त्या लॉर्ड लोकांचं कौतुक आपल्याला कशाला? दीडशे वर्षं पुरलं की."

"कौतुक नाही, काका. त्या हवेलीत ज्याचं बोलणं सगळ्यांत शुद्ध, त्याच्यावर कुणाला शंकाच येत नाही. मला राग त्याचा आला."

"म्हणजे हेर तोच?"

"ते वाचा तुम्ही."

या वेळी लोक हसले ते काकांना. मी पुढे बोलत राहिले. आणखी तीन-चारदा अडले. प्रत्येक वेळी थांबले, जवळचा शब्द शोधला आणि वाक्य पुरं केलं. आईचे ओठ आता मिटलेले होते. शेवटी टाळ्या पडल्या, बेताच्याच.

निघताना काका दारापर्यंत आले. "छान. पण पुढच्या वेळी जरा तयारी करून ये."

"तयारी करूनच आले होते, काका," मी चपला घालत म्हटलं. "पुढच्या वेळीही अशीच बोलेन."