पैलवान अन् फाटकातला कुत्रा

बेसा गावातल्या घरी त्या संध्याकाळी आम्ही तिघं चहा पीत होतो. मी, बायको अन् शेजारचा पैलवान. बायको रोज पोळी द्यायची तो कुत्रा फाटकात होता, म्हणून पैलवान खुर्चीवर पाय घेऊन बसला.

"काहून जी भाऊजी, एवढं अंग कमावलं अन् कुत्र्याले भेता?"

"वहिनी, अंग मोठं तेवढी चावायले जागा जास्त!"

ती खूप हसली. पहाटे झोपेतच गेली.

पोथीतल्या वीरांनी राक्षस मारले म्हणतात. त्यांना भेवच नव्हतं, मग त्यात मोठं काय?

सकाळी घर माणसांनी भरलं. कुत्रा फाटकात पोळीची वाट पाहत होता, माझ्यानं उठवेना. पैलवान घरून पोळी घेऊन आला. डोळे घट्ट मिटून हात पुढे केला.

"खा गा बाबा, वहिनीनंच पाठवली."