ॲन आर्बरच्या बाजारातली एक सही

डेट्रॉइटला विमानातून उतरले तेव्हा माझ्या पिशवीत भाजणी, गोडा मसाला आणि धाकट्या भावाचा जन्माचा दाखला होता. मोहनला अमेरिकेत बारा वर्षं झाली होती आणि पुढच्याच बुधवारी नागरिकत्वासाठी त्याची मुलाखत होती. "ताई, तोवर काही गडबड नको हं," असं तो विमानतळावरच म्हणाला. मला रागच आला. वाईच्या शाळेत शिकवता शिकवता मी वीस वर्षं मतदान केंद्रांवर काम केलंय आणि एका कागदाची कधी चूक नाही.

साल चौऱ्याऐंशी, म्हणजे तिकडे अध्यक्षाच्या निवडणुकीचं. ॲन आर्बरमध्ये ना कर्णा, ना रंगवलेल्या भिंती. घरांपुढच्या हिरवळीवर एखादी पाटी खोचलेली, बस्स. रात्री जेवताना मोहनने मला शिकवणी दिली.

"मोठ्या पार्टीज दोनच. एकीचा हत्ती, दुसरीचं गाढव."

गाढव हे चिन्ह कुणी आपण होऊन मिरवेल, हे मला पटेना.

"आणि प्रेसिडेंटला डायरेक्ट व्होट जात नाही. आमच्या स्टेटमध्ये जो पुढे, त्याला स्टेटच्या वाट्याची सगळी व्होट्स."

"मग हरलेल्याला ज्यांनी मतं दिली त्यांचं काय?"

"काही नाही. त्यांनी गप्प बसायचं," तो म्हणाला आणि आमटी वाढून घेतली.

शनिवारी त्याची बायको नलिनी मला शेतकऱ्यांच्या बाजारात घेऊन गेली. पालक, मुळे आणि टपोऱ्या स्ट्रॉबेऱ्या. मंडईसारखीच गर्दी, पण ओरडत कुणीच नव्हतं. नलिनी भाजी निवडत होती आणि कोपऱ्यात एक म्हातारे गृहस्थ उन्हात उभे होते. हातात फळी, फळीवर कागद, कागदावर नावं आणि पत्ते. जो तो त्यांना चुकवून निघून जात होता. मला गलबलून आलं. निवडणुकीच्या दिवसांत कागद घेऊन उन्हात कोण उभं राहतं? आपल्याकडे मास्तर! सुट्टीत ड्युटी लागलेला हा आपल्यातलाच एक, असं मी धरून चालले. त्यांनी पेन पुढे करताच मी पूर्ण नाव लिहिलं, मोहनचा पत्ता लिहिला आणि ऐटीत मराठीत सही ठोकली. त्यांनी ती कौतुकाने न्याहाळली.

घरी आल्यावर मी हे फुशारकीने सांगितलं. मोहनने हातातला घास खाली ठेवला.

"ताई, ते पिटिशन (पाठिंब्याच्या सह्यांचा कागद) होतं. छोट्या पार्टीला मतपत्रिकेवर नाव आणायला हजारो सह्या लागतात. वर काय प्रिंट केलेलं वाचलंस का?"

वाचलं नव्हतं. मी! मुलांना 'प्रश्नपत्रिका आधी पूर्ण वाचा' म्हणून बजावणारी.

"'आम्ही या राज्याचे नोंदलेले मतदार' असं असतं. तू व्हिजिटर आहेस, आणि ॲड्रेस माझा. बुधवारी ऑफिसरने विचारलं तर काय सांगू? बारा वर्षं, ताई."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. आम्ही तिघं तसेच गाडीत बसून बाजारात परतलो. बाजार उठत आला होता आणि कोपरा रिकामा होता. तेवढ्यात नलिनीला ते गृहस्थ दिसले. ते गाडीच्या डिकीत टेबल कोंबत होते.

मोहनने अडखळत सगळं सांगितलं. त्यांनी वाद घातला नाही. कागद चाळले, माझी मराठी ओळ लगेच सापडली. बॉनेटवर कागद ठेवून त्यांनी ती ओळ पुरती खोडली आणि शेजारी स्वतःची आद्याक्षरं घातली.

"अजून कचेरीत दिलेले नाहीत. काही बिघडलं नाही," ते म्हणाले.

माझा जीव भांड्यात पडला.

"तुमचा उमेदवार निवडून येईल?" मी विचारलं.

"छे. पण ज्यांना माझ्या उमेदवाराला मत द्यायचंय, त्यांना मतपत्रिकेवर त्याचं नाव तर दिसायला हवं."

मी खाली मान घातली. त्या माणसाची दिवसभराची कमाई मी एका सहीने कमी केली होती.

बुधवारी नलिनी आणि मी इमिग्रेशनच्या कचेरीबाहेर बाकावर बसलो. मोहन बाहेर आला आणि थेट माझ्यापाशी येऊन म्हणाला, "इथे कुठे व्होटर म्हणून नाव दिलंय का, असंही विचारलं. मी सरळ नाही म्हणालो. पास झालो, ताई." मग तो रडला, मीही रडले.

सुट्टी संपता संपता मी वाईला परतले. काही महिन्यांनी त्याचं पत्र आलं. शपथ झाली होती आणि तो स्वतः जाऊन तिथला मतदार झाला होता. नंतर शाळेने मला मतदारयादीच्या फेरतपासणीला धाडलं, तीही आमच्याच आळीत. घरोघर फिरत आमच्या दारी आले. यादीत मोहनचं नाव अजून होतं. दर फेरतपासणीला आई म्हणायची, "राहू दे गं, येईल तो," आणि शिस्तीची म्हणवणारी मी ते राहू देत असे. या वेळी आई दारातच उभी होती. मी तिला पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तिथे नाव लागलंय ना पण?"

"लागलंय."

"मग खोड."

मी त्याच्या नावावर रेघ मारली आणि बाजूला सही केली.