मलबा घरातच जिरवला

आमच्या मागच्या आवारात पाहुण्यांसाठी एक खोली आहे आणि तिथे जायला बऱ्यापैकी प्रकृती लागते.

ही खोली मी अक्कासाठी बांधली. अक्का म्हणजे माझी सगळ्यांत मोठी बहीण. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो. तेव्हापासून मी शाळेत मास्तर म्हणून चिकटेपर्यंत माझं सगळं अक्कानंच केलं. ती धामणगाव बढ्याला एकटी राहते. भाऊजी गेले आणि त्यांच्या पाठोपाठ तिचे गुडघेही गेले. आम्ही चिखलीला. ‘अक्का, आता आमच्याकडे येऊन राहा,’ असं मी म्हटलं की तिचं उत्तर ठरलेलं.

"येतो रे बापू, पण तुह्या घरी खाली बसाचं संडास हाय. म्या बसलो तं उठवाले चार मानसं लागतीन."

खरंच होतं ते. म्हणून निवृत्त झाल्या झाल्या मी ठरवलं, मागच्या आवारात एक खोली बांधायची, आत कमोड बसवायचा आणि अक्काला कायमचं घेऊन यायचं. तिनं माझ्यासाठी जे केलं त्याची थोडीतरी फेड व्हावी, एवढीच इच्छा होती. इच्छा चांगली होती, हे मी पुन्हा एकदा सांगून ठेवतो, कारण पुढे चांगलं असं फारसं काही घडलं नाही.

खोलीच्या जागेवर जुना गोठा आणि न्हाणी होती. ती पाडली. विटांचे तुकडे, छपराची फुटकी कवेलू, मातीची ढेकळं, सिमेंटचे पोपडे, असा माझ्या उंचीचा ढीग आवारात उभा राहिला. बांधकाम धाडच्या अय्युब मिस्त्रींकडे होतं. माणूस शांत, हाताला सफाई. ते म्हणाले, "सर, ट्रॅक्टर सांगतो. दोन खेपांत मलबा साफ होते."

"आणि ट्रॅक्टरवाला तो टाकणार कुठे?"

"टाकते कुठंबी. नाल्यात टाकते."

इथे माझ्यातला शिक्षक जागा झाला. (तो निवृत्त झालाय हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.) त्याच महिन्यात मी बांधकामाच्या कचऱ्यावर एक लेख वाचला होता. मी मिस्त्रींना तिथल्या तिथे पाऊण तास समजावलं. आपल्या घरचा मलबा गावाच्या नाल्यात का जावा? आपला कचरा आपणच जिरवला पाहिजे. तो नव्या खोलीच्या फरशीखाली, जोत्यात भरायचा. एक घमेलंसुद्धा फाटकाबाहेर जाणार नाही.

"भराले काही हरकत नाही सर," मिस्त्री म्हणाले. "पण जोतं दीड फुटाचं हाय. त्यात एवढा बसत नाही."

"मी गणिताचा मास्तर आहे, मिस्त्री."

मी टेप घेतला, ढीग मोजला, शंकूचं घनफळ काढलं, जोत्याचं काढलं, वजाबाकी केली. मिस्त्रींचं बरोबर निघालं. ढीग मावत नव्हता. आता कोणताही शहाणा माणूस उरलेला मलबा ट्रॅक्टरमध्ये घालेल. मी जोतं एक फूट वाढवायला सांगितलं.

मलबा भरला. अगदी काठोकाठ. मी शोभाला, म्हणजे बायकोला, हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, "छान." मग मिस्त्रींनी त्यावर पाणी सोडलं, दोन दिवस धुम्मस मारून तो ठोकून घेतला आणि तो सगळा मलबा जो खाली बसला तो बसलाच. मोकळ्या ढिगात निम्मी हवा असते, हे माझ्या शंकूला ठाऊक नव्हतं. जोतं वरून चांगलंच रिकामं.

"मुरूम बोलावू का सर?"

"विकतचा मुरूम? मग आपल्या तत्त्वाचं काय?"

"तत्त्व भरता येते का त्यात?" मिस्त्रींनी अगदी मनापासून विचारलं.

शेजारी इंगळे राहतात. त्यांच्याकडे बाथरूमची तोडफोड चालू होती. महिनाभर ज्या मलब्याचं काय करावं म्हणून मी डोकं खाजवत होतो, तोच मागायला मी इंगळ्यांच्या दारात उभा राहिलो. इंगळ्यांचा विश्वास बसेना. "आमचा मलबा तुम्हाले पायजे? सर, तुम्ही देवमाणूस हाव," म्हणाले आणि ही बातमी त्यांनी स्वतःपुरती ठेवली नाही.

दुसऱ्या दिवशी मी फिरून आलो तर आमच्या जोत्यात अख्ख्या गल्लीनं आपापली भर घातलेली. कुणाच्या गच्चीचा कोबा, कुणाची दगडी पाटी, कुणाचं तडकलेलं बेसिन. एका काकूंनी मला वाटेत थांबवून सांगितलं, "मास्तर, आमची पान्याची टाकी फुटेल हाय, राखून ठिवतो तुमच्यासाठी." हे कमी म्हणून की काय, मिस्त्री घरात आहेतच तर आपलाही स्वयंपाकाचा ओटा बदलून घेऊ असं शोभानं काढलं. ओटा फुटला. तोही मागे आला.

जोतं पुन्हा ओसंडून वाहू लागलं. आता मागे फिरायचं कसं? देवमाणसाला मलबा परत करता येत नाही. मी मिस्त्रींना म्हणालो, "अजून चार फूट चढवा."

अय्युब मिस्त्रींनी हातातली थापी खाली ठेवली. "सर, बुरा मानू नका. खोलीत राहणार कोण हाय?"

"आमची अक्का."

"त्यायचे गुडघे दुखतेत म्हने ना?"

"अहो, उंची असलेली बरी. पावसाचं पाणी आत येणार नाही."

"पानी येत नाही, कबूल. मानूसबी येनार नाही."

मी हसलो. त्या हसण्याबद्दल मला आज जेवढं वाईट वाटतं तेवढं दुसऱ्या कशाबद्दल वाटत नाही. तिथे थांबलो असतो तरी सगळं निस्तरता आलं असतं. पण त्या दिवसांत माझ्या डोक्यात अक्का कमी आणि मलबा जास्त होता. शाळेतले जुने सहकारी बघायला येत आणि मी त्यांना अभिमानानं सांगे, एक घमेलंही बाहेर गेलं नाही. ते माना डोलावत. वर बघून डोलावाव्या लागत, पण डोलावत.

खोली झाली. खिडक्या झाल्या, कमोड बसला, कमोडशेजारी धरायला स्टीलचा दांडा बसला. आणि दारापर्यंत पायऱ्या झाल्या नऊ. पुढे कंपाउंडची भिंत असल्यामुळे पायऱ्या पसरायला जागा नव्हती, म्हणून त्या अरुंद आणि चांगल्याच उंच. चढताना शोभा पदर खोचायची.

अक्का आली. भाऊजींचा पुतण्या जीपनं घेऊन आला होता. दोन पिशव्या, एक वळकटी, लोणच्याची बरणी, म्हणजे राहायच्या तयारीनंच. मी तिला हाताला धरून मागे नेलं. तिनं खोलीकडे पाहिलं. मग आणखी वर पाहिलं.

"कोणाची हाय?"

"तुझी, अक्का."

ती दोन पायऱ्या चढली, तिसरीवर बसली आणि गुडघ्यांवर हात ठेवून दम खात राहिली. मला ते बघवेना. मी घाईघाईनं प्लास्टिकची खुर्ची आणली. अक्काला तीत बसवलं, एका बाजूनं मी, दुसऱ्या बाजूनं इंगळे, आणि मागून मिस्त्री. चौथ्या पायरीपर्यंत आम्ही पोचलो. पाचव्या पायरीला माझ्या कमरेत अशी लचक भरली की मी वाकलो तो वाकलेलाच राहिलो. खुर्ची माझ्या बाजूनं कलली. मिस्त्रींनी मागून छातीनं रेटून धरली म्हणून वाचलो. इंगळे ‘अरे अरे’ म्हणत होते, पण कुणाला ते त्यांनाही माहीत नसावं.

वर बसलेली अक्का अगदी शांतपणे म्हणाली, "खाली ठिवा मले. काऊन जीव देऊन राह्यले?"

अक्का समोरच्या खोलीत झोपली. दोन दिवस राहिली. त्या दोन दिवसांत ती पाणी पीत नव्हती, हे शोभाच्या लक्षात आलं, माझ्या नाही. पाणी प्यायलं की जावं लागतं, गेलं की उठवायला माणूस लागतो. तिच्यासाठी बसवलेला कमोड वर, स्टीलच्या दांड्यासकट, कोराकरकरीत. तिसऱ्या दिवशी तिनं पुतण्याला फोन करून जीप बोलावली. निघताना माझ्या तोंडावरून हात फिरवून म्हणाली, "खोली लय चांगली झाली रे बापू. खालून पाह्यली म्या."

त्या वाक्यानं मला आठ दिवस झोप लागली नाही. (कमरेमुळेही लागली नाही, पण मुख्यतः वाक्यानं.)

मी मिस्त्रींना बोलावलं. उतार करता येईल का? त्यांनी मोजून सांगितलं की अक्काला झेपेल असा उतार करायचा तर तो इंगळ्यांच्या देवघरात उतरेल. जोतं फोडायचं? म्हणजे खोलीच पाडायची, आणि तो मलबा? इथे माझं गणित पुन्हा धावून आलं. पायऱ्या कमी करायच्या तर खोली खाली आणायलाच हवी असं थोडंच आहे? अंगण वर आणलं तर? अंगणात दोन पायऱ्यांएवढा भराव घातला की नवाच्या सात पायऱ्या. वर एक कठडा लावू, मधे बसायला चौथरा करू. मिस्त्रींनी टेप गुंडाळला आणि "तुमची मर्जी," म्हणाले.

गल्लीकडे मलबा शिल्लक होताच. पंधरा दिवस काम चाललं. धूळ येते म्हणून शोभानं स्वयंपाकघराचं मागचं दार बंद करून ठेवलं होतं. मी कंपाउंडच्या बाजूच्या बोळीतून, मजुरांनी टाकलेल्या फळीवरून ये-जा करत होतो आणि दिवसभर वरच्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून खाली पायऱ्या मोजत होतो. सात भरल्या त्या संध्याकाळी तिथूनच अक्काला फोन केला.

"अक्का, दोन पायऱ्या कमी केल्या. आता सातच आहेत."

"खरंच का रे? मंग येतो. सातचं पाहू काही." तिचा आवाज खुलला होता. मीही खुललो.

तेवढ्यात खाली शोभानं मागचं दार उघडलं. आमचं घर जुनं, बैठं. स्वयंपाकघराची फरशी आणि अंगण एका पातळीत होतं. होतं म्हणजे पंधरा दिवसांपूर्वी. शोभा दारात उभी होती आणि समोरचं अंगण तिच्या गुडघ्यांपर्यंत आलं होतं.

"अहो, मी बाहेर येऊ कशी?"

"दोन पायऱ्या करून देतील मिस्त्री," मी वरून म्हणालो. आणि म्हणता म्हणताच माझी बेरीज झाली.

सात आणि दोन. बोळीतून आलं तरी तेच, कारण बोळीही जुन्याच पातळीला. शोभानं फक्त बोटांवर मोजलं आणि दार लावून घेतलं.

अक्काला पुन्हा फोन करायला मला चार दिवस लागले. तोवर ती पुतण्याला जीपचं सांगून बसली होती.

"अक्का, घोटाळा झाला. पायऱ्या तेवढ्याच आहेत."

ती बराच वेळ हसली. मग म्हणाली, "बापू, तू आता काही बांधू नको. मेडिकलात लोखंडी खुर्ची भेटते, संडासावर ठिवाची. पुतण्यानं आनली माह्यासाठी. बसाले उठाले काही तरास नाही."

मी विचारलं, "मग आता येशील? आमच्या खालच्या संडासावर ठेवू तशी."

"आधी सांगतलं असतं तं आलोही असतो. आता इथं बरं लागून राह्यलं. पाहू."

‘पाहू’ म्हणजे काय, हे अक्काच्या हाताखाली वाढलेल्या माणसाला विचारायची गरज नसते. तरी मी दुसऱ्या दिवशी बाजारात गेलो. खुर्ची होती. मी ती उलटीपालटी करून पाहिली, कशी बसवायची ते विचारलं.

दुकानदार म्हणाला, "काही नाही सर, नुसती ठेवायची. मिस्त्रीबी लागत नाही."