खालच्या फळीवरची बाटली

दुकानातल्या मुली तिला तिखटबाई म्हणायच्या. बारा वर्षं क्रीम-साबणांच्या काउंटरवर उभी राहून तिला माणसांचा वीट आला होता. आपल्या चेहऱ्याला काय सोसतं हे कोणी विचारत नाही, सगळे बाटलीचं झाकण बघतात!

तिची धाकटी जाऊ तर या सगळ्यांची महाराणी. गुलाबाचा वास, सोनेरी झाकण आणि डोंगराएवढा फेस असल्याशिवाय बाईसाहेब तोंड धुवत नसत. गाल सोलल्यासारखे लाल व्हायचे, तरी तोरा तोच.

"ताई, चुरचुरतंय म्हणजे काम करतंय."

"काम कसलं डोंबलाचं! कातडी नाजूक आहे तुझी. खालच्या फळीवरचं ते बिनवासाचं, कमी फेसाचं घे. मीही तेच लावते."

"शी! ते औषधासारखं दिसतं."

तिखटबाईने समजावायचा नाद सोडला. काउंटरवर नुसती दाखवायला ठेवलेली रिकामी सोनेरी बाटली जुनी झाल्यावर तिने घरी आणली, खालच्या फळीवरचं त्यात ओतलं आणि "नवीन आलंय" म्हणून जावेच्या हातात ठेवलं. महिन्याभरात गाल निवळले.

बाटली संपल्यावर जाऊ ती नाचवत घरी आली. मोरीत तिखटबाईची साधी बाटली दिसताच तिने नाक मुरडलं.

"अजून हेच लावता? म्हणून तुमचा चेहरा असा! माझा बघा. स्वतःसाठी जरा हात सैल सोडावा, ताई."

"खरंय गं बाई," तिखटबाई म्हणाली, "आण ती बाटली, बदलून देते," आणि ती घेऊन मोरीत शिरत तिने दार आतून लावून घेतलं.